उलांडीची होडी आणि माझी मान

आमच्या घरात बायकांना दुखायला दोनच जागा मंजूर होत्या. डोकं आणि पाय. डोकं दुखलं तर सुंठ उगाळून लावायची, पाय दुखले तर कोमट तेल. मधलं अंग देवानं आम्हाला दिलेलंच नाही, असं समजून सगळ्यांनी वागायचं. पोटात कळ आली तरी अव्वा, म्हणजे माझी आई, "जरा डोकं जड झालंय" म्हणून आडवी व्हायची, आणि घरातले सगळे मोठ्या काळजीनं तिच्या कपाळाला सुंठ लावायचे. अशा घरातून आलेल्या मुलीची अठराव्या वर्षी एकाच आठवड्यात चार ठिकाणची सालटं निघाली, आणि त्यातलं एकही ठिकाण डोक्यात किंवा पायात नव्हतं, तेव्हा तिच्यापाशी कण्हायलासुद्धा शब्द नव्हता.

परवा लेक पुण्याहून आली. ती पळते. कुणी मागे लागलेलं नसताना पहाटे उठून वीस-वीस किलोमीटर पळते, आणि वर त्याची फी भरते. तिनं पिशवीतून गोंदाच्या कांडीसारखी एक कांडी काढली आणि जावयाशी संध्याकाळच्या भाजीचं बोलता बोलता, हॉलमध्ये उभ्या उभ्या मांड्यांना फिरवली. "आई, हे लावलं की घासत नाही," ती म्हणाली. मी किंमत विचारली आणि खुर्चीत बसले. तेवढ्यात आमच्या अख्ख्या होडीला वर्षभर तेल पुरलं असतं, असं तोंडातून निघून गेलं. पण किंमत मी लगेच विसरले. मला हेवा वाटला तो तिच्या त्या उभ्या उभ्या बोलण्याचा. "कसली होडी?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत तिला हे सांगायचं राहूनच गेलं होतं, म्हणून आता लिहिते.

लातूरला आमचं कापडाचं दुकान होतं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. बारावी झाल्यावर मला कॉलेजसाठी नांदेडला आत्याकडे ठेवलं, कारण लातुरात शिकले असते तर येता-जाता दुकानाचं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्यावर नजर ठेवून थकलं असतं. नांदेडात एकटी आत्याच होती, पण ती न थकणारी होती. तिचे यजमान वीज मंडळात होते आणि घरात असून नसल्यासारखे होते. पेपर वाचत, जेवत, पुन्हा पेपर वाचत. घर चालायचं ते आत्याच्या आवाजावर. पहाटे लांबून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, त्याच्या मागोमाग आत्याच्या पूजेची घंटा, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आणि मग माझं नाव. "सुले, उठलीस का उचलू?" न्याहारीला बहुतेक सुशीला असायचा. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वरून शेंगदाण्याचं कूट. दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि तिच्यावर लसणाच्या फोडणीचं कच्चं तेल. खायला घालण्यात आत्याचा हात सढळ होता. बाकी सगळ्यात तो आवळलेला होता.

आम्ही लिंगायत. प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या डबीत, दोऱ्याला बांधलेलं. सकाळी पूजेपुरतं तळहातावर घ्यायचं आणि पुन्हा गळ्यात. ते अंगावेगळं होऊ द्यायचं नाही, हा नियम सगळ्यांनाच होता, पण आत्या त्याची फौजदार होती. आल्यागेल्याला चहा देताना तिची नजर आधी त्याच्या गळ्याकडे जायची. आमचे एक चुलत काका बनियनच्या आत लिंग न घालता आले होते, त्यांना तिनं चहा दिला, पण बशी दिली नाही. काका त्या गोष्टीनं वर्षभर दुखावलेले होते.

आता होडी. आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक होते परब सर, मूळचे मालवणकडचे. बदली होऊन ते नांदेडला कसे आले हे कुणालाच कळलं नव्हतं, त्यांनाही नसावं. माशांची आणि समुद्राची आठवण काढत ते आम्हाला खो-खो शिकवायचे. मग एका उन्हाळ्यात त्यांनी रजा न घेता एक आंब्याचं खोड कोरलं, दोन बाक बसवायचे तिथे चार बसवले, आणि बाजूला दोन आडव्या दांड्यांवर पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधलं. त्या बाजूच्या लाकडाला कोकणात उलांडी म्हणतात. उलांडी पाण्यावर तरंगते आणि होडीला कलंडू देत नाही. "पोहता येतं कुणाला?" सरांनी विचारलं. बावीस मुलींत एकीलाही येत नव्हतं. "मग बरोबर. उलांडी तुमच्यासाठीच आहे," ते म्हणाले. त्यांना आम्हाला बुडू द्यायचं नव्हतं एवढंच त्यात होतं असं नाही. मालवणजवळ कॉलेजांच्या उलांडीच्या होड्यांची शर्यत व्हायची, त्यात कोकणाबाहेरचं कुणी कधी उतरलं नव्हतं, आणि सरांना आपल्या गावात मराठवाड्याच्या चार मुली घेऊन ऐटीत उतरायचं होतं. माणसं यापेक्षा लहान कारणांसाठी संसार मोडतात.

मला अप्पांची परवानगी लागणार होती. मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलं. "होडी चालव. शिक्षण बुडू नये आणि अंगावर काही दिसता कामा नये. दिसलं की लातूर." बस्स. काय दिसता कामा नये हे त्यांनी लिहिलं नव्हतं, पण लग्नाच्या मुलीच्या बापाला काळ्या रंगापासून मोडलेल्या हातापर्यंत सगळंच दिसत असतं. समुद्र मी कधी पाहिला नव्हता. मला त्या होडीत जागा हवी होती, तिच्यातून मालवणला जायचं होतं, आणि त्यासाठी अंग कोरं ठेवायचं होतं. एवढीच अट होती आणि तीच पाळता येण्यासारखी नव्हती.

नदीच्या अडवलेल्या पाण्यावर आम्ही सरावाला जायचो. बाकावर एकामागे एक बसायचं, वल्हं एका बाजूनं दहा-पंधरा वेळा मारायचं, सर काठावरून "बदल!" ओरडले की दुसऱ्या बाजूनं. हातानं नाही, कंबरेतून वळून मारायचं. आणि वळताना वजन उलांडीकडे ठेवायचं. आम्ही पंजाबी ड्रेस घालून बसायचो, कारण आखूड कपड्यांची गोष्ट काढायची सरांचीही छाती नव्हती. ओली सलवार, बाकाचं खडबडीत लाकूड, काखेतली जाड शिवण. बावीस जणींतल्या सहाच जणींना घरून परवानगी मिळाली होती, आणि पहिल्या चार दिवसांत आम्ही सहाही मुली विचित्र चालायला लागलो. कुणी कुणाला काही विचारलं नाही. माझ्या पुढे बसणारी कुंदा हदगावची होती, कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी, तोंडाची फाटकी. शेवटी तिनंच काठावर ओरडून विचारलं, "सर, आमचं समद्याइचं सालटं निघून राहिलं. काहून?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, नदीकडे तोंड केलं, हात मागे बांधले आणि नदीला व्याख्यान दिलं. "पाण्यात कपडा भिजतो, भिजला की घासतो, घासला की कातडी जाते. म्हणून जिथे जिथे घासतं तिथे तिथे आधीच तेल लावून यायचं. खोबरेल. शिवणीचा कपडा उलटा घालायचा, शिवण बाहेर. होडीतून उतरलं की गोड्या पाण्यानं धुवायचं आणि कोरडं करायचं, ओल्या कपड्यात घरी जायचं नाही. कुठे घासतं ते मला सांगू नका." नदीनं ऐकून घेतलं. एवढं बोलून सर अर्धा तास आमच्या नजरेला नजर देत नव्हते. पण आज इतकं वाचून-ऐकून झाल्यावरही सांगते, त्या पाठमोऱ्या माणसानं सांगितलं ते सगळं बरोबर होतं. लेकीच्या कांडीच्या डब्यावर याहून वेगळं काही लिहिलेलं नाही.

पण खोबरेल आमच्याकडे केसांना लावतात, आणि तेही मोजून. घरात तेल म्हणजे करडईचं. मी ते चोरून नेलं. दुसऱ्या दिवशी माझा पंजाबी ड्रेस पापड तळल्यासारखा वास मारायला लागला. एकीनं घरचं तूप आणलं, तिच्या मागे बंधाऱ्यापर्यंत दोन कुत्री आली आणि सराव होईपर्यंत बसून राहिली. एकीनं टाल्कम पावडर टाकली, ती पाण्यात भिजून कणकेसारखी झाली. कुंदानं तर कमाल केली. लावायचंच तर कंजुषी कशाला म्हणून तिनं तळहातांनाही तेल चोपडलं. पहिल्याच फटक्याला वल्हं तिच्या हातातून निसटून गेलं. ते वाहत वाहत खाली धोबीघाटावर पोहोचलं, आणि आम्ही शोधत गेलो तेव्हा एक धोबी त्यानं चादरी बडवत होता. "लई भारी हाय," तो म्हणाला. परत द्यायला त्यानं खूप वेळ लावला.

महिन्याभरात बाकीच्या मुलींचं जमलं. शिवण उलटी, तेल बेतानं, उतरल्यावर कोरडे कपडे. मांड्यांचं, काखेचं माझंही थांबलं. थांबेना ती मान. लिंगाचा दोरा ओला झाला की ताठ व्हायचा, आणि प्रत्येक वळणाला करवतीसारखा मानेवरून पुढे-मागे जायचा. डबी छातीवर आपटायची ती वेगळीच. मी दोऱ्याला जुन्या मलमलीची पट्टी गुंडाळली. मलमल भिजून पिळाची दोरी झाली आणि तिनं जास्त कापलं. घरी आत्याला कळू नये म्हणून मी उकाड्यातही ओढणी गळ्याभोवती घ्यायला लागले. तरी तिनं एकदा पाहिलंच. मी भीत भीत म्हटलं, "आत्या, होडीत बसते तेवढा तासभर काढून डब्यात ठेवू का?" तिनं हातातला झारा खाली ठेवला. "पाण्यावर जायचं, पोहाया येत न्हाई, आन देव घरी ठिवून? तो लांब आसल्यावर तुला कोन काढंल?" मग तिनं पूजेतलं भस्म आणलं आणि माझ्या मानेवर मोठ्या भक्तीनं चोळलं. उघड्या मांसावर. मी दात आवळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. त्याच राखेनं घरातली तांब्याची भांडी घासत, हे मला तेव्हा आठवायला नको होतं.

सर म्हणत, "गळ्यातलं काढ गो, नाहीतर उतर." आत्या म्हणे, "काढलंस तर घरात पाऊल टाकू नको." मी दोघांनाही हो म्हटलं आणि दोघांचंही ऐकलं नाही. कारण मला होडी आवडायला लागली होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगते. चौघींची वल्ही एका वेळी पाण्यात पडायची तेव्हा होडी अंगाखालून पुढे सरकायची, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी नेतंय म्हणून नाही तर माझ्या जोरावर कुठेतरी जात होते. सहातल्या चार जणी निवडल्या गेल्या. मी तिसऱ्या बाकावर. त्या संध्याकाळी मी घरी येऊन पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि आत्याला वाटलं मला नजर लागली.

दिवाळी झाल्यावर थंडीत लातूरहून निरोप आला, आत्याला घेऊन ये, काम आहे. पोहोचले तर ओट्यावर नवं लुगडं काढून ठेवलेलं. जळकोटचं स्थळ होतं, खतांचं दुकान, दोन मजली घर. मध्यस्थ होते मन्मथअप्पा, मोंढ्यातले आडते. आयुष्यभर तूर आणि सोयाबीन मुठीत घेऊन भाव सांगितलेला माणूस, लग्नं जमवतानाही तो तसाच बघायचा. अव्वानं पाहुण्यांना मी नांदेडला शिवणकाम शिकते असं सांगून ठेवलं होतं. मी सुशीलाच्या बशा घेऊन गेले, मुंडी खाली घातली आणि पदर सरकला. मुलाची आई उठली, माझ्याजवळ आली आणि दोन बोटांनी पदर आणखी बाजूला केला. मानेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत काळसर-लाल पट्टा. "हे काय गं बाई?"

मला होडी म्हणता येईना, कारण मी शिवणकाम शिकत होते. अव्वा म्हणाली, "गर्मीचं हाय." बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते. आत्या म्हणाली, "देवाचं हाय," आणि तिला वाटलं तिनं सगळं झाकलं. मुलाच्या आईनं बशीतला उरलेला सुशीला तसाच ठेवला, माझ्या मानेकडे पाहिलं, मग छताच्या कडीकडे पाहिलं आणि "शरणार्थ" म्हणून ती माणसं उठली. छताच्या कडीकडे का पाहिलं हे मला दोन दिवसांनी कळलं.

आठवड्यात अख्ख्या कापड लाईनला माहीत झालं की सुलोचनानं नांदेडला फास लावून घेतला होता. वेळेवर दार मोडलं म्हणून वाचली. कोणासाठी, याची तीन नावं होती, त्यातलं एकही मी ऐकलेलं नव्हतं. एका बाईनं अव्वाला दळण दळताना सुताची दोरी की नायलॉनची हेही सांगितलं. नायलॉनची, कारण सुताची तुटली असती. मोठा जीव लावून सांगितलं तिनं. लोक दुकानात यायचे, काही न घेता अप्पांच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि चहा पिऊन जायचे. माझ्या मानेनं लातुरात जितकी माणसं एकत्र आणली तितकी दुकानाच्या सेलनं कधी आणली नव्हती. मला हसू यायला नको होतं, पण रडूही येत नव्हतं. मला एकच दिसत होतं, पोस्टकार्डावरची अट मोडली होती. आता लातूर.

अप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "होडीनं असं होतंय?" मी म्हटलं, "होतं." "दाखव मग." ते साक्षीला मन्मथअप्पांना घेऊन निघाले. आम्ही नांदेडची एसटी धरली. मन्मथअप्पा संत्री सोलून खात होते आणि बिया खिडकीबाहेर टाकत होते. अप्पांनी पूर्ण वाटेत एकदाच माझ्या मानेकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

बंधाऱ्यावर आत्याही आली होती, परब सर होते, कुंदा आणि बाकीच्या दोघी होत्या. सरांना वाटलं मुलीचे वडील सत्काराला आले आहेत, ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी तिसऱ्या बाकावर बसले. मला हळू मारता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण मला वाटलं, ही शेवटची वेळ असेल तर मन भरून मारीन. आम्ही पलीकडच्या काठापर्यंत गेलो आणि फिरून आलो. उतरले तेव्हा मानेतून रक्त येत होतं. मन्मथअप्पांनी चष्मा पुढे ओढला, मला उजेडाकडे वळवलं, मोंढ्यात पोत्यात हात घालून बघतात तसं मान वाकवून दोन्हीकडून बघितलं, आणि निकाल दिला. "खरं हाय. होडीचंच हाय. फासाचं आसतं तर वर सरकलं आसतं." इतकी माहिती त्यांना कुठून होती, कोण जाणे.

अप्पा मात्र निकाल ऐकत नव्हते. ते माझ्यापुढे आले आणि दोऱ्याला बोट लावलं. दोरा मानेत रुतला होता, तो हलक्या हातानं उचलला. कापडाच्या माणसाचं बोट, सुताचा पीळ त्याला लगेच कळला. ते आत्याकडे वळले. आत्या त्यांच्याहून मोठी, तिच्यापुढे ते कधी आवाज चढवत नसत. "अक्का, हे लेकरू रोज असं कापून घ्यायलंय आन तू बगत बसलीस?"

"आंगावर पायजे का न्हाई देव?" आत्या म्हणाली.

"आंगावर पायजे. गळ्यातच पायजे, हे तुला कुनी सांगितलं? आपला आज्जा नांगर धरायचा तवा लिंग कुठं आसायचं?"

आत्या हळू म्हणाली, "पटक्यात बांधायचा."

मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. पणजोबा शेतात राबायचे, दोरा घासायचा, म्हणून ते लिंग डोक्यावर पटक्यात बांधायचे. मग आमची माणसं शेत सोडून गादीवर येऊन बसली. गादीवर बसणाऱ्याचं काही घासत नाही, म्हणून दोन पिढ्यांत गळा हाच धर्म होऊन बसला. ज्यांना काम नाही ते नियम फार सोयीचे करून ठेवतात, आणि मग काम करणाऱ्यानं ते पाळायचे असतात.

आत्यानं मला खाली बसवलं. केस सोडले, घट्ट अंबाडा घातला, डबी त्यात बसवली आणि अप्पांच्या खांद्यावरचं उपरणं घेऊन वरून आवळून बांधलं. "दुखलं तर सांग," ती म्हणाली. माझ्या आठवणीत तिनं मला असं पहिल्यांदाच म्हटलं. मी पुन्हा पाण्यावर गेले. पुढून कुंदा ओरडली, "सुलू, आज तर देव तुह्या डोक्यावर बसून मजा मारून राहिला!" मी जोरात हसले. मान मोकळी होती, आणि मला कळलं की इतके महिने मी अर्ध्या ताकदीनंच वल्हं मारत होते.

काठावर आलो तेव्हा मन्मथअप्पांनी सगळा हिशेब लावून ठेवला होता. ते अप्पांना समजावत होते, आवाज हळू, पण नदीवर सगळं ऐकू येतं. "काम झालं म्हना की. मी उद्याच जळकोटला जातो. सांगतो, फास न्हाई, नुस्ती होडी हाय. ती मानसं तयार होतील, पोरगी आवडलीयच त्यायला. फकस्त ही होडी बंद करायची. आन साखरपुड्यापातूर डाग गेला पायजे. मास्तर, जातोय ना डाग?"

"पंधरा दिवसांत," परब सर आनंदानं म्हणाले. "आता घासणारच नाही, तर राहील कसा? काही राहणार नाही."

मी ओल्या कपड्यात उभी होते. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, उपरणं बांधलेल्या डोक्याकडे, मग पायापर्यंत. आमच्या घरात मुलीला विचारायची पद्धत नव्हती, आणि त्यांनीही विचारायचं म्हणून विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "किती लांब हाय ते मालवन?" मी म्हटलं, "अप्पा, मला समुद्र बघायचाय." खिशातून रुमाल काढून अप्पांनी माझ्या मानेवरचं रक्त टिपलं, रुमालाची घडी केली आणि मन्मथअप्पांकडे वळले.

"त्यायला सांगा, डाग जायचा न्हाई म्हनून."

"आत्ताच तर मास्तर म्हनले की, पंधरा दिवसांत..."

"मास्तर कोकनातला हाय. त्याला आपल्या कातडीचं काय कळतंय? लई खोल गेलाय. जायचा न्हाई."

दुकानात अप्पा दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकाला शपथेवर सांगायचे की रंग जाणार नाही, आणि तो पहिल्या धुण्यात जायचा. माझ्या मानेवरचा डाग आम्ही मालवणला पोहोचायच्या आधीच गेला होता. शर्यतीत आम्ही शेवटच्या आलो, परब सर काठावर रडले, मी समुद्रात गुडघाभर उभी राहून पोट भरेपर्यंत हसले. त्यानंतर तीन वर्षं, मला नको असलेलं स्थळ कुठूनही आलं की अप्पा गादीवर बसल्या बसल्या गंभीर तोंड करून मान हलवायचे आणि म्हणायचे, "पोरगी चांगली हाय वो, पर मानेवर डाग हाय."